न सापडलेल्या शब्दांची वही

आमच्या ग्रंथालयात देवघेवीच्या टेबलावर, तारखेच्या शिक्क्याशेजारी, एक दोनशे पानी वही ठेवलेली असते. ओपॅकवर, म्हणजे संगणकावरच्या ग्रंथसूचीत, ज्याला हवे ते पुस्तक मिळाले नाही त्याने शोधताना टंकलेला शब्द जसाच्या तसा त्या वहीत लिहायचा, एवढाच तिचा नियम आहे. शुद्धलेखन सुधारायचे नाही आणि स्वतःचे नावही लिहायचे नाही. सातारा जिल्ह्यातील एका अध्यापक महाविद्यालयात मी ग्रंथपाल आहे, आणि वही सुरू करण्यापूर्वी माझी ठाम समजूत होती की बी.एड.चे विद्यार्थी पुस्तके शोधतच नाहीत, थेट वरच्या वर्गाच्या नोट्स मागतात. वहीची पहिली वीस पाने भरली तेव्हा ती समजूत मला सोडावी लागली. विद्यार्थी शोधत होते. पण त्यांच्या तोंडी असलेला शब्द एक होता आणि आमच्या सूचीत बसलेला शब्द दुसराच.

वहीतील पहिलीच नोंद 'ज्ञानरचनावाद' अशी आहे, म्हणजे मूल स्वतःच्या अनुभवातून ज्ञान रचते हा विचार. माण तालुक्यातून येणाऱ्या, पहिल्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीला स्वाध्यायासाठी या विषयावरचे मराठी पुस्तक हवे होते. तिने शब्द देवनागरीत अगदी अचूक टंकला आणि पडद्यावर 'एकही नोंद आढळली नाही' असे उत्तर आले. "मॅडम, एवढं महत्त्वाचं प्रकरण आहे आणि आपल्याकडे एकही पुस्तक नाही?" असे तिने विचारले तेव्हा मी तिला काही न बोलता कपाटापाशी नेले. तिथे या विषयाची पाच मराठी पुस्तके उभी होती आणि त्यांतील दोन कोणी उघडलेलीही दिसत नव्हती. परत येऊन आम्ही दोघींनी त्यांचे दाखल क्रमांक टाकून एकेक नोंद उघडली. तीन नोंदी रोमन लिपीत होत्या, पण एकीत 'ज्ञ' हे अक्षर डी-एन-वाय असे लिहिले होते, दुसरीत जी-वाय असे आणि तिसरीत जे-एन असे. चौथी नोंद देवनागरीत होती, मात्र 'ज्ञान रचनावाद' अशी तोडून. पाचव्या पुस्तकाच्या शीर्षकात तो शब्दच नव्हता आणि विषय म्हणून इंग्रजी 'कन्स्ट्रक्टिव्हिझम' एवढेच दिले होते.

यात टंकणाऱ्यांचा दोष काढता येत नाही. जाड दाखल नोंदवह्यांमधून हजारो नोंदी संगणकात उतरवण्याचे काम ज्या काळात झाले त्या काळात आमच्या संगणकप्रणालीला देवनागरी धड झेपत नव्हती, काम नगावर दिले जात होते, आणि प्रत्येक टंकलेखक आपल्या कानाला पटेल तसे मराठी रोमनमध्ये लिहीत होता. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 'इन्फ्लिबनेट' या केंद्राची 'सोल' ही ग्रंथालय प्रणाली असो की न्यूझीलंडमध्ये जन्मलेली आणि आता आपल्याकडे जागोजागी वापरली जाणारी 'कोहा' असो, आज दोन्ही देवनागरी उत्तम हाताळतात. पण प्रणाली नवी आली म्हणून तिच्या पोटातल्या जुन्या नोंदी आपोआप सुधारत नाहीत. त्यामुळे मी प्रत्येक नव्या तुकडीला पहिल्याच दिवशी सांगते की संगणक 'नाही' म्हणाला तर त्याचा अर्थ 'या शब्दाने नाही' एवढाच धरायचा.

मग कोणत्या शब्दाने शोधायचे? येथे मराठीच्या स्वभावाचा विचार करावा लागतो आणि तो इंग्रजी पुस्तकांवरून तयार केलेल्या कोणत्याही 'शोधतंत्रा'त सांगितलेला नसतो. आपल्या भाषेत नामाला विभक्ती लागताना त्याचे सामान्यरूप होते. 'शाळा' हा शब्द शीर्षकात 'शाळेतील', 'शाळेचे', 'शाळांमधील' अशा रूपांत येतो. तुम्ही 'शाळा' असे टंकले की यांतील एकही शीर्षक समोर येईलच असे नाही. म्हणून शब्दाचा न बदलणारा भाग लिहावा आणि पुढे तारांकन (*) द्यावे, म्हणजे त्या भागाने सुरू होणारी सर्व रूपे येतात. 'शाळ' आणि तारांकन, 'शिक्षण' आणि तारांकन, 'मूल्यमापन' आणि तारांकन. बहुतेक ग्रंथालय प्रणालींना ही खूण समजते. जोडशब्द असेल तर एकदा जोडून आणि एकदा तोडून पाहावा. 'अध्ययन-अध्यापन' यातील संयोगरेषाही कधी कधी दगा देते. इंग्रजी शब्द देवनागरीत लिहिताना 'ॲ' हे एकच अक्षर संगणकात दोन प्रकारे बनते, एकदा स्वतंत्र अक्षर म्हणून आणि एकदा 'अ'वर चंद्र देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात, संगणकाला मात्र ती दोन वेगळी अक्षरे वाटतात. 'ॲक्शन रिसर्च' (शिक्षकाने आपल्याच वर्गातील अडचणीवर केलेले संशोधन) न मिळाल्यास 'कृतिसंशोधन' टाकावे, तेही न मिळाल्यास 'कृती संशोधन' असे दीर्घ ईकार देऊन आणि तोडून.

जुन्या पुस्तकांबाबत आणखी एक अडचण आहे. मराठी लेखनाचे आजचे नियम १९६२ मध्ये आले आणि १९७२ मध्ये त्यांत भर पडली. त्याआधीच्या पुस्तकांच्या मुखपृष्ठावर 'मुलांचें', 'शाळेंत', 'कांहीं' असे अनुस्वार असतात आणि काटेकोर सूचीकाराने ते तसेच उतरवलेले असतात. अशी पुस्तके लेखकाच्या आडनावाने शोधणे सर्वांत सोपे, कारण सूचीत आडनाव आधी येते आणि 'जोशी' किंवा 'मोडक' यांच्यावर ऱ्हस्व-दीर्घाचा परिणाम होत नाही. ('कुलकर्णी' मात्र रोमनमध्ये किमान तीन प्रकारे सापडतात, हे नम्रपणे नमूद करते.)

सूचीत पुस्तक मिळाले तरी ते कपाटात मिळेलच असे नाही, आणि त्याचे कारण चोरी किंवा अव्यवस्था हे क्वचितच असते. आमच्याकडे ड्युई दशांश वर्गीकरण आहे, म्हणजे प्रत्येक विषयाला एक अंक देऊन त्या अंकाच्या क्रमाने पुस्तके लावण्याची पद्धत. त्यात ३७० हा शिक्षणाचा अंक. शैक्षणिक मानसशास्त्र ३७०.१५ ला, अध्यापन पद्धती ३७१.३ ला, विशेष गरजा असणाऱ्या मुलांचे शिक्षण ३७१.९ ला, प्राथमिक शिक्षण ३७२ ला आणि अभ्यासक्रम ३७५ ला. छात्राध्यापकांना एवढे पहिल्या महिन्यात पाठ होते आणि मग ते त्या दोन कपाटांच्या बाहेर पाऊल टाकत नाहीत. गेल्या वर्षी गणित पद्धती घेतलेला एक विद्यार्थी ३७० च्या रांगेत चकरा मारून थकला आणि 'गणित अध्यापनाचं पुस्तक गहाळ झालंय' अशी तक्रार घेऊन माझ्याकडे आला. पुस्तक गहाळ नव्हते, ते ५१०.७ ला, शुद्ध गणिताच्या शेजारी, अगदी शेवटच्या कपाटात होते. प्राथमिक स्तरावरचे गणित अध्यापन ड्युईसाहेबांनी ३७२.७ ला म्हणजे शिक्षणात ठेवले, परंतु माध्यमिक आणि त्यापुढचे अध्यापन त्या त्या विषयाच्या घरी पाठवले. त्यामुळे विज्ञान अध्यापन ५०७ ला जाते, इतिहास अध्यापन ९०७ ला, भूगोल ९१०.७ ला आणि मराठीचे अध्यापन ४९१.४६ च्या आसपास मराठी भाषेजवळ. बी.एड.ला प्रत्येक विद्यार्थ्याची अध्यापन पद्धती हाच अभ्यासाचा कणा असतो आणि नेमकी तीच पुस्तके शिक्षणाच्या कपाटात नसतात. या गोष्टीची कल्पना कोणत्याही माहितीपत्रकात दिलेली मी पाहिलेली नाही. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे जे पाच सिद्धान्त मांडले त्यांतील चौथा 'वाचकाचा वेळ वाचवा' असा आहे. आम्ही ग्रंथपाल तो परीक्षेत पाठ म्हणून लिहितो. मी मात्र त्या दिवशी ३७० च्या कपाटावर एक पुठ्ठा लावला: 'गणित, विज्ञान, इतिहास, भूगोल आणि मराठी यांच्या अध्यापनाची पुस्तके येथे नाहीत, पुढील कपाटे पाहा.'

अभ्यासक्रमाच्या शेवटी दिलेली संदर्भग्रंथांची यादी हा बहुतेकांचा पहिला आधार असतो. तो घ्यावा, पण डोळे उघडे ठेवून. या याद्या एका अभ्यासक्रमातून दुसऱ्या अभ्यासक्रमात उचलल्या जातात, त्यात लेखकाचे नाव प्रकाशकाच्या जागी गेलेले असते, आणि कित्येक पुस्तके आता छापली जात नाहीत. बी.एड. एक वर्षाचे होते तेव्हाची पुस्तके आणि २०१५ नंतर दोन वर्षांचा अभ्यासक्रम आला त्यानंतरची पुस्तके यांत विषयांची नावे आणि प्रकरणांची मांडणी बदललेली आहे. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या पीडीएफ तर बहुधा आधीच्याच काळातल्या असतात. त्या फिरवणे कायद्यात बसत नाही हा एक भाग झाला, परंतु परीक्षेच्या दृष्टीनेही त्या निरुपयोगी असतात, हे सांगितल्यावर मुले अधिक लक्ष देऊन ऐकतात.

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या निकषांप्रमाणे बी.एड. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात किमान १,००० शीर्षके आणि ३,००० पुस्तके असली पाहिजेत. यातील दुसऱ्या आकड्यावर कोणी भुलू नये. एकाच पाठ्यपुस्तकाच्या वीस-वीस प्रती घेतल्या की तो सहज गाठता येतो. खरी खोली शीर्षकांच्या संख्येत असते आणि तिथे महाविद्यालयाची ताकद लवकर संपते. तिथून पुढे विद्यापीठाचे ग्रंथालय. आमचे विद्यार्थी कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाच्या बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयात जातात. पुण्याच्या विद्यार्थ्यांना बॅरिस्टर जयकरांच्या नावाचे ग्रंथालय आहे. संलग्न महाविद्यालयाच्या विद्यार्थ्याने विद्यापीठात जाताना ओळखपत्र आणि प्राचार्यांचे पत्र न्यावे, आणि एसटीत बसण्यापूर्वी घरूनच ओपॅकवर शोधून पुस्तकाचा वर्गांक कागदावर उतरवून घ्यावा. एवढे केले की दिवस वाचनात जातो, नाहीतर तो शोधण्यात जातो. पुस्तक तिथेही नसेल तर इन्फ्लिबनेटच्या 'इंडकॅट' या संघसूचीत, म्हणजे अनेक विद्यापीठांच्या एकत्रित ग्रंथसूचीत, ते कोणत्या विद्यापीठात आहे हे दिसते, आणि तुमचे ग्रंथालय 'डेलनेट' या ग्रंथालयांच्या जाळ्याचे सभासद असेल तर ग्रंथपालाकरवी आंतरग्रंथालयीन देवघेवीने ते मागवता येते. पुस्तक यायला दिवस लागतात, म्हणून ही मागणी स्वाध्यायाच्या शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी करू नये.

ई-पुस्तकांची खरी गरज दुसऱ्या वर्षी लागते. दोन वर्षांत मिळून २० आठवड्यांची आंतरवासिता, म्हणजे शाळेत राहून प्रत्यक्ष शिकवण्याचा सराव, असते आणि त्यातील १६ आठवडे दुसऱ्या वर्षात येतात. विद्यार्थी सकाळी शाळेत जातो, दिवसभर तास घेतो, परिपाठापासून पोषण आहाराच्या नोंदीपर्यंत सगळे पाहतो आणि संध्याकाळी परत येतो तेव्हा ग्रंथालयाला कुलूप लागलेले असते. उद्याच्या तासाचे पाठ टाचण, म्हणजे लेखी नियोजन, मात्र रात्री काढायचे असते. अशा वेळी महाविद्यालयांसाठी असलेली इन्फ्लिबनेटची 'एन-लिस्ट' योजना कामी येते. महाविद्यालयाने नोंदणी केली की ग्रंथपाल विद्यार्थ्यांची नावे आणि ईमेल पत्ते यादीत चढवतो, आणि पासवर्ड थेट विद्यार्थ्याच्या ईमेलवर जातो. येथेच निम्मी गाडी अडते. प्रवेश अर्जावर सायबर कॅफेवाल्याने स्वतःचाच ईमेल टाकलेला असतो, किंवा पासवर्डचे पत्र स्पॅममध्ये पडून राहते, आणि दीड वर्षाने विद्यार्थी म्हणतो, 'मॅडम, आपल्याकडे ई-पुस्तकंच नाहीत.' माझी विनंती अशी की प्रवेशानंतरच्या पहिल्याच आठवड्यात आपल्या ग्रंथपालाला दोन प्रश्न विचारावेत: आपले महाविद्यालय एन-लिस्टचे सभासद आहे का, आणि माझा कोणता ईमेल तुमच्याकडे आहे?

'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' या योजनेविषयीही हल्ली विचारणा होते. केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी तिला मंजुरी दिली आणि तिच्यातून ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० संशोधनपर नियतकालिके सरकारी व्यवस्थापनाखालील संस्थांना खुली होतात. ती नियतकालिके आहेत, पुस्तके नव्हेत. कृतिसंशोधनाच्या अहवालासाठी ती उपयोगी पडतील. उद्याच्या तासासाठी नाही.

ई-पुस्तक वाचण्याची रीतही छापील पुस्तकापेक्षा वेगळी असते. काही प्रकाशक प्रकरणनिहाय पीडीएफ उतरवू देतात, काही फक्त पडद्यावर वाचू देतात, आणि काही परवाने असे असतात की एका वेळी एकालाच ते पुस्तक उघडता येते. अशा वेळी पडद्यावर नकार आला तर अर्ध्या तासाने पुन्हा पाहावे. एका रात्रीत संपूर्ण संच उतरवून ठेवण्याचा मोह मात्र टाळावा, कारण असे भराभर डाउनलोड दिसले की प्रकाशक पूर्ण महाविद्यालयाचा प्रवेश बंद करू शकतो. मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यांची मुख्य अडचण याहून मोठी आहे, ती म्हणजे या विकत घेतलेल्या संग्रहांमध्ये जवळजवळ सर्व पुस्तके इंग्रजी आहेत. त्यावर माझा उपाय साधा आहे. भाषा संचालनालयाचा शिक्षणशास्त्राचा परिभाषा कोश शेजारी ठेवावा, आधी त्याच विषयावरचे मराठी प्रकरण वाचावे आणि मग इंग्रजी पुस्तकातील एकच प्रकरण उघडावे. 'आकारिक मूल्यमापन' म्हणजे 'फॉर्मेटिव्ह' आणि 'संकलित' म्हणजे 'समेटिव्ह', 'समावेशक शिक्षण' म्हणजे 'इन्क्लुझिव्ह एज्युकेशन', अशा पंचवीस-तीस जोड्या वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवल्या की त्या शोधशब्द म्हणूनही चालतात.

लॉगिनशिवाय मिळणाऱ्या गोष्टी पुष्कळ आहेत आणि त्यांचा उपयोग सर्वांत कमी होतो, याचे मला राहून राहून आश्चर्य वाटते. इग्नूच्या 'ई-ज्ञानकोश' या भांडारात त्यांच्या बी.एड.चे सर्व घटक पीडीएफ रूपात आहेत. एनसीईआरटीच्या संकेतस्थळावर २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यासोबतचे २१ आधारपत्र संच आहेत. त्यांतील भाषेविषयीचा आणि गणिताविषयीचा, हे दोन तरी प्रत्येक छात्राध्यापकाने वाचावेत असे मला वाटते. बालभारतीची पाठ्यपुस्तके तर आहेतच, शिवाय १९७१ पासून निघणाऱ्या 'किशोर' मासिकाचे जुने अंक मोफत पाहता येतात. भाषेच्या तासाला पूरक उतारा शोधण्यासाठी यापेक्षा चांगली जागा मला माहीत नाही. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची पुस्तकेही मोफत उतरवता येतात. महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सादर केलेले निवेदन अभ्यासक्रमात सर्वत्र येते, आणि जवळपास सर्वच विद्यार्थी ते गाइडमधल्या सहा ओळींवरून लिहितात. समग्र वाङ्मयात ते मुळातून वाचायला मिळते, आणि वाचायला तासभरही लागत नाही.

'शोधगंगा'विषयी थोडे अधिक सांगते, कारण तिचा एक उपयोग फारसा कोणी करत नाही. तिथे पीएच.डी.चे प्रबंध प्रकरणनिहाय ठेवलेले असतात आणि शिक्षणशास्त्रातील मराठी प्रबंधही त्यात आहेत. पूर्ण प्रबंध वाचण्याची गरज नाही. आपल्या विषयाच्या जवळचा एक प्रबंध निवडावा, त्याचे 'संबंधित साहित्याचा आढावा' हे प्रकरण आणि शेवटची संदर्भसूची एवढ्याच दोन फाइली उघडाव्यात. कोणीतरी चार-पाच वर्षे खपून केलेली पुस्तकांची यादी आयती हाती येते, तीही लेखक, प्रकाशक आणि वर्षासह. त्या यादीतील आडनावे घेऊन मग आपल्या ओपॅककडे वळावे. गेल्या वर्षी याच वाटेने आमच्या एका विद्यार्थिनीला अध्ययन अक्षमतेवरील तीन पुस्तके सापडली, आणि तिन्ही आमच्याच ग्रंथालयात होती.

वहीचे पुढे काय होते असे मुले विचारतात. दर शनिवारी दुपारी मी त्यातील शब्द घेऊन बसते, ते कोणत्या पुस्तकांना लागू पडतात ते पाहते आणि त्या नोंदींच्या ६५३ क्रमांकाच्या रकान्यात, जिथे सूचीकाराला आपल्या मनाचे शब्द घालण्याची मुभा असते, तिथे ते जसेच्या तसे चढवते. 'टाचण' असे शोधल्यावर आता पाठ नियोजनाची पुस्तके येतात. 'मतिमंद मुले' हा शब्दही मी घातला आहे, कारण आजच्या नोंदीत तो नसला तरी गावाकडून आलेली मुलगी त्याच शब्दाने शोधते. तिला पुस्तक मिळाले की त्यातच तिला आजचा शब्दही मिळतो. चुकीचे शुद्धलेखनही मी घालते. यावर आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी नापसंती दर्शवली होती, पण ही चुकीची रूपे सूचीत कोणाला दिसत नाहीत, फक्त शोधाला लागतात, हे दाखवल्यावर ते गप्प बसले.

परवाच्या पानावर निळ्या शाईत '५ई' असे लिहिलेले होते. पाच टप्प्यांच्या त्या पाठाविषयी आंतरवासितेत सगळेच विचारतात. मी '५ई' टाकून पाहिले, '५-ई' टाकले, अंक रोमन करून पाहिला, 'फाइव्ह ई' असे अक्षरांत लिहिले. शेवटी 'प्रतिमान' आणि तारांकन यावर एक नोंद आली आणि पुस्तकाच्या अनुक्रमणिकेत तो पाठ होता. मी चारही रूपे ६५३ मध्ये भरली, नोंद जतन केली आणि पुस्तक काढून ठेवावे म्हणून उठले, तेव्हा नोंदीच्या खालची ओळ वाचली: पुस्तक जूनपासून आमच्याच एका प्राध्यापकांच्या नावावर आहे. सोमवारी त्यांना आठवण करणारी चिठ्ठी पाठवायची आहे.